डोळ्यांवरच्या डब्यानं पोराचं लक्ष लागेल काय?

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात चौथीतल्या एका पोराचे वडील भेटायला आले. कापूस वेचणीचे दिवस. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस. त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावून माझ्यासमोर धरला. त्यात एक परदेशी पोरगं डोळ्यांवर काळा डबा बांधून हवेत हात मारत होतं, आणि या खेळानं चंचल मुलांचं लक्ष लागायला लागतं, असं खाली हिंदीत लिहून येत होतं.

"गुरुजी, याच्यानं माह्यं पोरगं सुधरन काय? दोन बकऱ्या इकतो, पन घेतो."

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. मग मी वाचत बसलो, जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांना भेटलो, आणि जे समजलं ते त्यांना ओसरीवर बसून सांगितलं. आपल्या भागात असे आईबाप पुष्कळ आहेत, म्हणून तेच इथे लिहितो आहे.

आधी त्या 'सुधरन' शब्दाबद्दल. हे पोरगं बिघडलेलं नाही. वर्गात ते दहा मिनिटं बसत नाही, पाटी-वही हरवतं, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर ओरडतं, रांगेत पुढच्याला ढकलतं. घरून मार, शाळेतून बोलणी, गावात 'वाह्यात' हे नाव. पण याच पोरानं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवताना तीन तास मान वर केली नव्हती. बेगड, झूल, शिंगांना रंग, सगळं स्वतःच्या हातानं. वडिलांनी तेच विचारलं, "मंग अभ्यासातच काहून नाही?"

सगळा विषय या एका प्रश्नात आहे.

अशी लक्षणं दिसली की डॉक्टर एडीएचडी आहे का ते पाहतात. या नावाचा मराठी अर्थ 'लक्ष कमी असणं आणि अतिचंचलता' असा सांगतात. त्यामुळे वाटतं की पोराकडे लक्षच नाही. लक्ष असतं. ते कुठं लावायचं, किती वेळ धरायचं आणि कधी सोडायचं, यावरचा ताबा कच्चा असतो. काम आवडीचं, नवं, आणि लगेच फळ देणारं असेल तर लक्ष आपोआप चिकटतं. बैलाला बेगड लावली की ती त्याच क्षणी चमकते. भागाकाराचं फळ मात्र वार्षिक परीक्षेत मिळतं, आणि या मुलांच्या मेंदूला लांबचं फळ फार फिकं दिसतं.

मेंदूतला मुकादम

शेतावर दहा मजूर आले आणि मुकादमच नसला तर काय होतं? मजुरांच्या हाताला ताकद असते, कामही येतं. पण कोणी एका तासात तीनदा पाणी प्यायला जातं, कोणी वेचलेल्या ओळीतच पुन्हा शिरतं, आणि गाठोडी बांधायची राहूनच जातात. मेंदूतही असा एक मुकादम असतो. कपाळामागच्या भागाचा त्यात मोठा वाटा. हा मुकादम स्वतः वाचत नाही की गणित करत नाही. कोणी कधी काय करायचं, एवढंच तो पाहतो. शास्त्रात या कामांना कार्यकारी कार्यं म्हणतात.

मानसशास्त्रज्ञ अडेल डायमंड यांनी या मुकादमाची तीन मूळ कामं मांडली आहेत. पहिलं, थोपवणं: मनात आलेली कृती रोखणं. दुसरं, डोक्यात धरून ठेवणं: आईनं 'तेल, मीठ आणि आगपेटी आण' सांगितलं तर दुकानापर्यंत तिन्ही नावं टिकवणं. आमचं पोरगं वाटेत जेसीबी खोदताना पाहतं, आणि तेल, मीठ, आगपेटी तिन्ही त्या खड्ड्यात जातात. तिसरं, वळणं: एक काम सोडून दुसऱ्यावर जाणं, नियम बदलला की आपणही बदलणं. खेळाची सुट्टी संपली तरी ज्याचं डोकं मैदानातच राहतं, त्याचं हे तिसरं काम अडलेलं असतं.

2007 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी साडेचारशेच्या आसपास मुलांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. निम्मी मुलं एडीएचडीची, निम्मी नसलेली. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी सर्वाधिक होण्याचं मधलं वय इतर मुलांत साडेसात वर्षं निघालं, एडीएचडी असलेल्यांत साडेदहा. सगळ्यांत जास्त उशीर कपाळामागच्याच भागात होता. आणि हालचाल चालवणारा भाग उलट थोडा लवकर तयार झालेला दिसला. म्हणजे बैल तयार, गाडीवान अजून लहान. मी हे वाचलं तेव्हा गेल्या काही वर्षांत ज्यांना बाकावर उभं केलं ती पोरं एकेक करून आठवली. दहा वर्षांच्या पोराकडून मी दहा वर्षांचा ताबा मागत होतो, आणि त्याच्याजवळ सात वर्षांचा होता.

हा दोष आईबापांच्या वळणाचा नाही. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ओसरीवर हे सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मीबी असाच होतो गुरुजी. सातवीत शाळा सोडली."

डब्यात दिसतं काय

आमच्या आज्यांनी जत्रेत बायोस्कोप पाहिलेला आहे: पेटीच्या भोकाला डोळे लावायचे, आत चित्रं सरकतात. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट पाहताना तोच आठवतो. यात दोन भिंगं असतात आणि प्रत्येक डोळ्यापुढे किंचित वेगळं चित्र. दोन डोळ्यांना दोन चित्रं मिळाली की मेंदू त्यातून खोली तयार करतो, आणि समोरची वस्तू हाताला लागेल इतकी खरी वाटते. बायोस्कोपपेक्षा मोठा फरक असा की डब्यात मान कुठं वळली हे ओळखणारे सेन्सर असतात. मान डावीकडे वळवली की क्षणार्धात डावीकडचं दृश्य दिसतं. बाहेरचं घर, अंगण, कोंबड्या, सगळं बंद. पोरगं त्या बनवलेल्या जगाच्या आत उभं असतं.

एडीएचडीसाठी याचा उपयोग पहिल्यांदा खेळण्याऐवजी मोजण्यासाठी झाला. 1990च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अल्बर्ट रिझो आणि सहकाऱ्यांनी एक आभासी वर्ग बनवला. पोरगं डबा घालून बाकावर बसतं. समोर फळा, बाई, आजूबाजूला बाकं, एका बाजूला खिडकी. फळ्यावर अक्षरं येत राहतात आणि ठरावीक अक्षरामागून ठरावीक अक्षर आलं तरच बटण दाबायचं. मधेच खिडकीबाहेरून गाडी जाते, कागदाचं विमान उडत येतं, बाहेर पावलं वाजतात. संगणक सगळं टिपतो: किती वेळा दाबायला हवं होतं आणि राहिलं, किती वेळा नको तिथं दाबलं, किती वेळ लागला, आणि मान किती वेळा, कुठं वळली. एडीएचडी असलेल्या मुलांच्या चुका जास्त, हालचाल जास्त, आणि व्यत्यय आला की दोन्ही आणखी वाढतात, असं दिसलं. स्पेनमध्ये 'आउला' नावाची अशीच चाचणी तयार झाली. ती सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी आहे.

मला स्वतःला या तंत्राची ही मोजण्याची बाजू फार मोलाची वाटते. दवाखान्याच्या शांत खोलीत, नव्या माणसासमोर, चंचल पोरगंही पंधरा मिनिटं शहाण्यासारखं बसतं, आणि आईबाप खोटे पडतात. आभासी वर्गात खिडकीबाहेरची गाडी प्रत्येक मुलाला त्याच क्षणी, तेवढ्याच आवाजात जाते. माझ्या खऱ्या वर्गाबाहेरून ट्रॅक्टर कधी जाईल ते माझ्या हातात नसतं.

2006 साली न्यूझीलंडमध्ये 13 ते 17 वर्षांच्या मुलांना आभासी रस्ता ओलांडायला लावला होता. एडीएचडी असलेल्या मुलांना गाडीची धडक बसण्याचं प्रमाण इतरांपेक्षा दुप्पट निघालं. आमची शाळा डांबरी रस्त्याला लागून आहे आणि जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या तिथूनच धावतात. हे वाचल्यापासून शाळा सुटताना मी फाटकाजवळ उभा राहतो. अशी चूक डब्यात झाली तर पोरगं पुन्हा पहिल्यापासून खेळतं, म्हणूनच रस्ता ओलांडण्यासारख्या गोष्टींच्या सरावाला हे तंत्र बरं आहे.

लक्ष घडवण्यासाठी बनवलेले खेळ याच पायावर उभे असतात. एका वेळी एकच सूचना. बरोबर केलं की त्याच क्षणी प्रकाश, आवाज, गुण. जमायला लागलं की खेळ आपणहून किंचित अवघड होतो, चुकायला लागलं की सोपा. व्यत्यय आधी नाहीच, मग एक, मग तीन. लांबच्या फळाची अडचण इथं नसते. म्हणून पोरगं टिकून खेळतं.

आता खरा प्रश्न: खेळात जमलेलं घरी-वर्गात उतरतं का?

हे समजण्यासाठी शेजारचं एक उदाहरण घेतो. 15 जून 2020 रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, 'एन्डेव्हरआरएक्स' नावाच्या व्हिडिओ गेमला एडीएचडीसाठी परवानगी दिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा खेळ! हा डब्याचा नाही, टॅबवरचा आहे. तो 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी होता, नंतर मोठ्या मुलांसाठीही मान्य झाला. त्यामागच्या मुख्य प्रयोगात 348 मुलं होती. दिवसाला सुमारे 25 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. काहींना हा खेळ, काहींना शब्दांचा एक साधा खेळ. शेवटी संगणकावरची लक्ष मोजणारी चाचणी घेतली तेव्हा एन्डेव्हरआरएक्स खेळलेली मुलं पुढे गेली. पण आईबापांना घरच्या वागण्याबद्दल विचारलं, तर दोन्ही गटांत सुधारणा सारखीच निघाली.

या निकालापाशी थोडं थांबायला हवं. पोरगं चाचणीत सुधारलं हे खरं. साधा शब्दखेळ खेळलेल्या पोराच्या आईलाही तेवढाच फरक वाटला, हेही खरं. रोज ठरलेल्या वेळी काहीतरी सुरू आहे, घराचं लक्ष पोराकडे आहे, मनात आशा आहे, एवढ्यानंही घराची नजर बदलते. 2015 साली युरोपातल्या एडीएचडी तज्ज्ञांच्या गटानं संगणकावरच्या सरावाचे 16 प्रयोग एकत्र तपासले. ज्या कामाचा सराव केला त्यात, विशेषतः डोक्यात धरून ठेवण्यात, मुलं सुधारली होती. पण कोणत्या मुलाला उपचार मिळाला हे ज्यांना बहुधा माहीत नव्हतं, अशा माणसांच्या नोंदीत रोजच्या वागण्यातला फरक फारच थोडा उरला.

झाडावर चढायला शिकलं म्हणून विहिरीत पोहता येत नाही. दोन्हीकडे हातपायच लागतात, तरीही. लक्षाचंही तसंच आहे. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले रसेल बार्कली हेच सांगतात की मदत अडचणीच्या जागी आणि अडचणीच्या वेळी हवी. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीची आशा अशी की तिच्यातली जागा साध्या पडद्यापेक्षा खऱ्या जागेच्या जवळ जाते, त्यामुळे शिकलेलं उतरण्याची शक्यता वाढावी. लहान प्रयोगांत लक्षाच्या चाचण्यांवर चांगले निकाल आलेले आहेत. पण आज हा खेळ उपचाराला जोड म्हणून पाहायचा आहे, उपचाराच्या जागी नाही.

बकऱ्या विकायच्या का?

मी त्यांना नाही म्हणालो. कारणंही सांगितली.

व्हिडिओत दिसतो तसला हेडसेट हजारो रुपयांना पडतो, आणि नुसत्या डब्यात उपचार नसतो. उपचारासाठी बनवलेला खेळ वेगळा, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचा. बाजारातून हेडसेट आणला तर आत गोळीबार आणि शर्यतींचेच खेळ. मोबाईल आत सरकवायचा पुठ्ठ्याचा डबा काहीशे रुपयांत मिळतो, पण त्यात व्हिडिओ पाहण्यापलीकडे फार काही नाही. या चाचण्यांच्या सूचना परक्या भाषेत, आणि 'इतकं म्हणजे ठीक' हे आकडे तिकडच्या मुलांवरून काढलेले. वऱ्हाडी बोलणारं पोरगं सूचना कळली नाही म्हणून चुकलं, तर यंत्र त्याला लक्षाची चूक धरेल.

शरीराचंही पाहावं लागतं. एसटी घाटात वळणं घेते तेव्हा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल कळते, पण पुस्तकात खुपसलेल्या डोळ्यांना कळत नाही, आणि पोटात ढवळतं. डब्यात याच्या उलट होतं, डोळे धावतात आणि शरीर जागेवर. काही मुलांना मळमळ होते, डोकं दुखतं. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा लावूच नये. हेडसेट बनवणाऱ्या कंपन्याही वयाची अट घालतात. मेटा कंपनीची अट आधी तेरा वर्षांची होती, 2023 मध्ये ती दहावर आली. आमचं पोरगं नऊ वर्षांचं आहे.

मग आधी काय? आधी तपासणी. एडीएचडी रक्ताच्या चाचणीत सापडत नाही, स्कॅनमध्येही नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने टिकलेली, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. आणि त्याआधी बाकीच्या शक्यता पाहाव्या लागतात. ऐकू कमी येतं का? फळा दिसतो का? झोप पुरते का? वाचनाचीच वेगळी अडचण आहे का? आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, रक्त कमी असलेली मुलं आहेत. थकलेलं पोरगंही खिडकीबाहेर बघत बसतं. घरी दारू आणि मारहाण असेल तर ते पोरगं शाळेत सतत दाराकडे पाहतं. आणि मुलींबद्दल मुद्दाम सांगतो: त्यांच्यात उड्या-धावणं बहुधा कमी दिसतं. त्या गप्प बसून हरवलेल्या असतात, आणि 'गुणाची पोरगी, पन डोकं नाही' म्हणून सुटून जातात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. 2013 पासूनच्या या कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे. आपण बोललो नाही तर दोनशे पोरांच्या रांगेत ते दिसणार नाही, म्हणून नाव घेऊन सांगावं. पथक पुढे जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपाय करणाऱ्या सरकारी केंद्रात पाठवतं. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम, नागपूरचं मेडिकल आणि एम्स इथं मनोविकार विभाग आहेत. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतफोनचा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, फोनला पैसे लागत नाहीत.

आणि औषधाची भीती. 'गोळीनं पोरगं गुंगीत राहते' असं गावात म्हणतात. एडीएचडीवर देतात ती मेथिलफेनिडेट ही झोपेची गोळी नाही. मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं आहेत. गोळीनं ती जास्त वेळ काम करतात आणि मुकादम जागा होतो. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन आणि उंची पाहत डॉक्टरच मात्रा ठरवतात. सहा वर्षांखालच्या मुलांत गोळीआधी आईबापांना वागणुकीचं प्रशिक्षण देतात. ही गोळी दुसऱ्याच्या पोराची मागून आणायची नसते.

खेळाचं मात्र मी त्यांना रिकाम्या हातानं पाठवलं नाही. 'शिवाजी म्हणतो' आठवा. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटलं तर हात वर करायचा, नुसतं 'हात वर' म्हटलं तर नाही. हे निव्वळ थोपवण्याचं काम आहे. 'चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड' मध्येही म्हशीला बोट रोखायचं असतं. ओरेगनमधल्या संशोधकांनी लहान मुलांचा ताबा मोजायला अशीच चाचणी बनवली आहे: 'डोकं' म्हटलं की पायाची बोटं धरायची, 'पाय' म्हटलं की डोकं. बाजाराच्या यादीचा खेळ, म्हणजे 'मी बाजारात गेलो, वांगी आणली. मी बाजारात गेलो, वांगी आणि मिरच्या आणल्या' असं वाढवत नेणं, हे डोक्यात धरून ठेवणं झालं. हे खेळ उपचार नव्हेत, तसा दावा मी करत नाही. पण डब्यातल्या खेळानं जे नियम पाळले ते इथंही पाळता येतात. पाच मिनिटांचा डाव. बरोबर केलं की तिथल्या तिथं शाबासकी. आधी मागच्या खोलीत, मग ओसरीवर, मग अंगणात जिथं कोंबड्या आणि शेजारची पोरं आहेत.

आणि मुकादम कच्चा असेल तर त्याचं काम थोडं बाहेर काढून ठेवावं. दारामागे कोळशानं चार चित्रं काढायची: पाटी, डबा, पाण्याची बाटली, चपला. एका वेळी एक काम सांगायचं, लांबून ओरडून नाही, खांद्यावर हात ठेवून. वेळ डोळ्यांना दिसेल असा करायचा, म्हणजे 'मोठा काटा सहावर येईस्तोवर'. मी वर्गात त्याला पहिल्या बाकावर आणलं, आणि दर वीस मिनिटांनी हजेरीपट दुसऱ्या वर्गात पोचवायचं काम त्याला दिलं. त्याला उठायचंच असतं, तर कामानं उठू दे.

पथकाच्या डॉक्टरांनी कान-डोळे तपासले, रक्त तपासायला सांगितलं आणि पुढची चिठ्ठी दिली. जिल्ह्याहून माझ्यासाठी एक फॉर्म आला. अठरा लक्षणं, प्रत्येकासमोर कधीच नाही ते नेहमीच, असे चार रकाने. मधल्या सुट्टीत भरायला बसलो. 'हाती घेतलेलं काम पूर्ण करत नाही' यापुढे 'नेहमीच' वर खूण केली. मग त्याच ओळीच्या बाजूला, बारीक अक्षरात, तान्ह्या पोळ्याचा बैल पूर्ण केला होता तेही लिहिलं.